ब्रोशरवर ३५०, चार्जरवर १२०: परफॉर्मन्स इलेक्ट्रिक एसयूव्हीत नेमकं होतं काय

प्रश्न थोडक्यात असा: ८०० व्होल्टची परफॉर्मन्स इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतलीये, कंपनी म्हणते १० ते ८० टक्के १८ मिनिटांत आणि शून्य ते शंभर साडेतीन सेकंदांत. प्रत्यक्षात ३५० किलोवॅट लिहिलेल्या चार्जरवर आकडा १२०-१३० च्या पुढे सरकत नाही, एकदा तर ७० वरच अडकला. वर तीन-चार वेळा पाय पूर्ण दाबून गाडी पळवली की ती सुरुवातीची ओढ नंतर राहत नाही. तर बॅटरी खराब निघाली का, सर्व्हिस सेंटरला जाऊन भांडायचं का, आणि रोज १०० टक्के भरायची की नाही?

भांडायला जाऊ नका, निदान लगेच तरी नको. बॅटरी आणि कूलिंगच्या टेस्टिंगचं काम बरीच वर्षं करतोय, आणि हीच तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक गाड्या ठणठणीत निघतात. या दोन तक्रारी वेगवेगळ्या वाटतात पण मूळ एकच आहे, करंट आणि त्यातून तयार होणारी उष्णता. चार्जिंगला करंट आत येतो, ॲक्सिलरेटर दाबला की बाहेर जातो, सेल दोन्ही वेळेला तापतोच. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं आपोआप लागत जातं.

आधी तो ३५० चा आकडा. तो गाडीचा नाहीच, चार्जरचा आहे, आणि चार्जरचाही तो सगळ्यात चांगल्या परिस्थितीतला. किलोवॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, एवढंच गणित. सीसीएस, म्हणजे फास्ट चार्जिंगच्या नेहमीच्या प्लगची पद्धत, तिच्यात साधारण ५०० अँपिअरची मर्यादा असते, म्हणजे ४०० व्होल्टची गाडी त्याच ३५० वाल्या मशीनला लावली तरी ५०० गुणिले ४०० बरोबर २०० किलोवॅट, संपला विषय. (टेस्ला मॉडेल वाय ४०० व्होल्टच्या घरातली असूनही २५० घेते कारण टेस्लाचे स्वतःचे चार्जर सहाशे अँपिअरच्या वर देतात, तो अपवाद धरा.) आणि ८०० व्होल्टची म्हणून विकली जाणारी गाडीसुद्धा खरोखर ८०० वर बसलेली नसते. किया ईव्ही६ जीटीच्या आधीच्या मॉडेलचं उदाहरण घ्या, ७७.४ युनिटची बॅटरी, नॉमिनल, म्हणजे सरासरी धरलेलं व्होल्टेज ६९७. बॅटरी रिकामी असताना त्याहून कमी, भरत आली की ८०० च्या जवळ.

आता तुमचे १२०-१३० कुठून येतात ते बघू. पुढच्या वेळी चार्जरवर गेलात की गन, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, लावायच्या आधी मशीनच्या बाजूला किंवा मागे एक छोटं लेबल असतं ते वाचा. त्यावर डीसी आउटपुट लिहिलेलं असतं, एक व्होल्टेजची रेंज, उदाहरणार्थ १५० ते १००० व्होल्ट, आणि एक कमाल करंट. लोक मशीनवरचा मोठ्ठा रंगीत आकडा बघतात आणि हे लेबल कोणी बघत नाही. करंट ५०० लिहिलंय पण हातातली केबल बारीक आणि हलकी आहे, तर ती केबल बहुधा लिक्विड कूल्ड (आतून द्रव फिरवून थंड ठेवलेली) नाही आणि मशीन तिच्यातून २०० अँपिअरच्या आसपासच सोडणार. दहा-पंधरा टक्क्यांवर तुमच्या पॅकचं, म्हणजे सगळे सेल मिळून झालेल्या बॅटरीचं, व्होल्टेज साडेसहाशेच्या आसपास, गुणिले २००, आले १३०. गाडीचा यात काही दोष नाही, गाडी मागतेय पण केबल देत नाहीये.

हे ओळखायचं कसं, तर किलोवॅटकडे बघू नका, स्क्रीनवर व्होल्ट आणि अँपिअर दिसत असतील तर ते बघा. बहुतेक डीसी चार्जर दाखवतात, नाहीतर गाडीच्या चार्जिंगच्या पानावर असतं. अँपिअर एका आकड्यावर खिळ्यासारखे बसलेत आणि टक्के वाढतील तसे किलोवॅट हळूहळू वर जातायत, १२८, १३०, १३३ असे, तर अडवतोय चार्जर किंवा केबल. कारण व्होल्टेज चढतंय आणि करंट तिथेच आहे. याउलट सुरुवात ६०-७० वर झाली आणि दहा-पंधरा मिनिटांत अँपिअर स्वतःच वाढत गेले, तर बॅटरी थंड होती आणि चार्जिंगनेच ती गरम होत गेली, तुमचा तो ७० वाला दिवस बहुतेक हाच. जोरात सुरू झालं आणि मध्येच धाडकन अर्ध्यावर आलं तर मागे वळून बघा, शेजारच्या गनवर कोणीतरी येऊन गाडी लावली असेल, कारण बऱ्याच ठिकाणी एकच पॉवर कॅबिनेट दोन गनना वाटून देतं. शेजारी कोणी नसेल तर मग उष्णता, एकतर बॅटरीची नाहीतर गनच्या पिनांची. सीसीएसच्या गनमध्ये पिनांजवळ टेंपरेचर सेन्सर असतात, पिना मळलेल्या किंवा झिजलेल्या असल्या की तिथे रेझिस्टन्स वाढतो, गरम होतं, आणि मशीन करंट खाली आणतं. अशा वेळी शेजारच्या गनवर गाडी लावून बघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

अजून एक प्रकार आहे, जुने चार्जर जे ५०० व्होल्टच्या वर जाऊच शकत नाहीत. टेस्लाचे व्ही३ सुपरचार्जर, जे बऱ्याच देशांत आता दुसऱ्या गाड्यांनाही खुले आहेत, ते याच घरातले. तिथे ८०० व्होल्टच्या गाडीला जुगाड करावा लागतो आणि प्रत्येक कंपनीचा जुगाड वेगळा. ह्युंदाई-कियाच्या गाड्या मागच्या मोटरच्या वाइंडिंग (तारांची वेटोळी) आणि इन्व्हर्टरचाच (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलणारा भाग) वापर करून व्होल्टेज वर चढवतात, हुशारीचं काम आहे, वेगळा पार्ट लागत नाही, पण चार्जिंग शंभर-सव्वाशेच्या आसपासच राहतं. पोर्शेच्या इलेक्ट्रिक मकानमध्ये बॅटरीच आतल्या आत ४०० व्होल्टच्या दोन भागांत वाटली जाते आणि दोन्ही भाग एकदम भरतात, १३५ किलोवॅटपर्यंत. म्हणजे ८०० व्होल्टची गाडी चुकीच्या चार्जरवर गेली की ४०० वाल्या साध्या गाडीपेक्षाही हळू भरू शकते, यात काही नवल नाही.

बरं, आता समजा चार्जर उत्तम, केबल जाड, शेजारी कोणी नाही. तरी ३५० दिसणार नाहीच. गाडी कंपनीचा स्वतःचाच दावा उलटा मोजून बघा. तीच ईव्ही६ जीटी १० ते ८० साठी १८ मिनिटं म्हणते. ७७.४ चे ७० टक्के म्हणजे साधारण ५४ युनिट, १८ मिनिटांत, सरासरी आली १८० किलोवॅट. पोर्शे मकान टर्बो, वापरता येणारी बॅटरी ९५ युनिटची, २१ मिनिटं, सरासरी १९०, आणि पीक, म्हणजे सगळ्यात वरचा आकडा, लिहिलेला असतो २७०. मला विचाराल तर गाड्यांची तुलना करताना पीक आकडा बघायचाच नाही, ही सरासरी काढायची. पीक काही मिनिटं टिकतो, कधी कधी तेवढाही नाही, आणि २५० वर चढून लगेच घसरणारी गाडी २०० वर शांतपणे टिकून राहणाऱ्या गाडीच्या मागे पडते. चार्जिंगचा वक्र, म्हणजे टक्के वाढतील तसे किलोवॅट कसे बदलतात तो आलेख, कसा आहे ते महत्त्वाचं, शिखर किती उंच हे मिरवायला.

वक्र खाली का येतो? आतमध्ये लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. रेल्वेचा डबा रिकामा असताना चढणाऱ्या गर्दीला पटापट जागा मिळते, भरत आला की एकेकाला आत सरकायला वेळ लागतो, तसंच हे. आयन आत शिरायला जेवढा वेळ घेतात त्यापेक्षा जास्त जोरात ढकलले तर ते पृष्ठभागावरच धातू म्हणून साचायला लागतात, याला लिथियम प्लेटिंग म्हणतात, आणि ते नुकसान बऱ्याच अंशी कायमचं. थंडीत आयनांची हालचाल मंदावते म्हणून हा धोका आणखी वाढतो. त्यामुळे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम टक्के आणि तापमान बघून क्षणाक्षणाला ठरवते की आत्ता किती घ्यायचं. तुम्हाला ७० दिसले त्या दिवशी गाडीने स्वतःला वाचवलं, असं समजा. आणि ८० नंतर तर दार जवळजवळ बंदच होत जातं, ८० ते १०० ला बऱ्याच गाड्यांत १० ते ८० एवढाच वेळ जातो, त्यामुळे लांबच्या प्रवासात ८० नंतर चार्जरवर उभं राहणं म्हणजे आपला पण वेळ घालवणं आणि मागच्याचा पण.

थंड बॅटरीचा उपाय गाडीतच असतो, प्रीकंडिशनिंग. चार्जरला पोचायच्या आधी गाडी बॅटरी गरम करून ठेवते, साधारण २५ अंशांच्या वर. पण बहुतेक गाड्यांत हे तेव्हाच सुरू होतं जेव्हा चार्जर हे ठिकाण गाडीच्या स्वतःच्या नेव्हिगेशनमध्ये टाकलेलं असतं. फोन जोडून फोनवरचा नकाशा लावला तर गाडीला कळतच नाही की तुम्ही चार्जरला चाललाय. काही गाड्यांत सेटिंगमध्ये हातानेही सुरू करता येतं, तुमच्यात आहे का बघा. आणि बॅटरी फारच उतरलेली असेल तर काही गाड्या प्रीकंडिशनिंग करतच नाहीत, ती वीज पोचायला राखून ठेवतात. पोचायला दहा मिनिटं उरलीत आणि मग आठवलं तर उपयोग नाही, चार-पाचशे किलोचा पॅक आहे तो, अर्धा तास तरी आधी सुरू व्हायला हवं.

आता दुसरी तक्रार, ओढ कमी होण्याची. इथे मजा आहे, कारण लोकांना वाटतं जोरात पळवल्याने बॅटरी संपते. २३०० किलोची गाडी शून्यावरून शंभरला न्यायला गतिज ऊर्जा लागते फक्त पाव युनिट. खरंच पाव, आणि त्यातलं बरंचसं ब्रेक लावताना रीजेनमधून, म्हणजे मोटरच वीज तयार करून गाडी हळू करते त्यातून, परतही येतं. म्हणजे सिग्नलवरून चार वेळा उडवली म्हणून रेंज बुडत नाही. रेंज बुडते ती हायवेच्या स्थिर वेगाने, ते पुढे सांगतो. जोरात पळवण्याने जे होतं ते वेगळं, गाडी तापते.

हिशोब मांडू. समजा गाडीची कमाल पॉवर ४३० किलोवॅट आणि ७०० व्होल्टचा पॅक, म्हणजे ६०० अँपिअरच्या वर करंट. समजा पूर्ण पॅकचा इंटर्नल रेझिस्टन्स ०.०६ ओहम आहे. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, ६०० चा वर्ग गुणिले ०.०६, साधारण २२ किलोवॅट नुसती उष्णता पॅकच्या आत. आता २४० किलोवॅटचं फास्ट चार्जिंग घ्या, करंट ३४० च्या आसपास, उष्णता सात किलोवॅट. म्हणजे पूर्ण पाय दाबणं हे सगळ्यात फास्ट चार्जिंगच्या तिप्पट तापवतं. चार सेकंद दाबलं तर काही नाही, एवढा मोठा पॅक ते पचवतो. पण लागोपाठ दाबत राहिलात तर कूलिंग मागे पडतं, कारण गाडीचा चिलर (बॅटरी थंड करणारं यंत्र) काही किलोवॅटचाच असतो, २२ किलोवॅट सतत बाहेर काढायला तो बनवलेलाच नाही. मोटरमध्ये आणि इन्व्हर्टरमध्येही असंच, तिथली उष्णता वेगळी.

म्हणून कंपन्या पीक पॉवरला वेळेची अट घालतात. ह्युंदाई आयोनिक ५ एन घ्या, ८४ युनिटची बॅटरी, नेहमीची पॉवर ४४८ किलोवॅट, बूस्टचं बटण दाबलं की ४७८, पण १० सेकंद, आणि ३.४ सेकंदांचा शून्य ते शंभर हा त्या १० सेकंदांतला. आणि एक गंमत सांगतो, इलेक्ट्रिक मोटरची पॉवर मोजायचा जो आंतरराष्ट्रीय नियम आहे, यूएन आर८५, त्यात दोन आकडे असतात, एक कमाल पॉवर आणि एक सलग ३० मिनिटं देता येणारी पॉवर. दुसरा आकडा पहिल्याच्या बराच खाली असतो, अर्ध्याहूनही कमी असू शकतो. युरोपात नोंदणीच्या कागदावर हा ३० मिनिटांचा आकडा आला की लोक दचकतात, सहाशे हॉर्सपॉवरची म्हणून घेतलेली गाडी कागदावर भलतीच गरीब दिसते. फसवणूक नाहीये ती, दोन्ही आकडे खरेच आहेत, प्रश्न किती वेळ हा आहे.

ओढ कमी होण्याचं उष्णतेनंतरचं दुसरं कारण, बॅटरीचे टक्के. पॅकमध्ये १९२ सेल एका ओळीत असले आणि प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, तर झाले ८०६. तोच सेल दहा टक्क्यांवर ३.४ ला आला तर ६५३. करंट तेवढाच धरला तरी पॉवर जवळपास १९ टक्के कमी झाली, आणि लोड आल्यावर व्होल्टेज आणखी दबतं ते वेगळंच. शिवाय कमी टक्क्यांवर इंटर्नल रेझिस्टन्सही वाढतो. म्हणून २० टक्क्यांवर लाँच कंट्रोल (उभ्या गाडीला पूर्ण जोराने सोडणारी सोय) लावून शून्य ते शंभरचा टाइम घेणं आणि मग गाडी बिघडली म्हणणं हे काही खरं नाही. टाइम घ्यायचा तर ७० च्या वर, बॅटरी कोमट. आणि टाइमबद्दल अजून एक, काही कंपन्या सुरुवातीचा एक फूट, म्हणजे ३० सेंटिमीटर, मोजणीतून वगळतात, त्याला रोलआउट म्हणतात, टेस्ला परफॉर्मन्स मॉडेलच्या आकड्याखाली तसं लिहितेच. तिथे साधारण पाव सेकंदाचा फरक पडतो. ब्रोशरचा ३.५ आणि तुमच्या जीपीएसचा ३.८ हे दोन्ही बरोबर असू शकतात.

वरच्या वेगाला ओढ कमी वाटते तो अजून वेगळा मुद्दा. बहुतेक गाड्यांत एकच गिअर, मोटर फिरत जाईल तसा तिच्यात उलटा व्होल्टेज तयार होत जातो, ठरावीक वेगानंतर टॉर्क उतरत जातो आणि पॉवर सपाट होते किंवा घसरते. शून्य ते शंभर जो धक्का बसतो तो १६० च्या पुढे नसतोच, कोणत्याच एकगिअरी गाडीत. पोर्शे टायकानला मागे दोन गिअर आहेत ते यासाठीच.

आता चार्जिंग आणि परफॉर्मन्स एकमेकांच्या आड कसे येतात ते बघा, कारण माझ्या मते लोकांची सगळ्यात जास्त गफलत इथे होते. फास्ट चार्जिंगला बॅटरी गरम हवी. सलग जोरात पळवायला सुरुवातीला बॅटरी थंड हवी, म्हणजे तापायला जागा उरते. या दोन गोष्टी उलट्या आहेत. २४० किलोवॅटने भरून गन काढली आणि लगेच घाटात नाहीतर ट्रॅकवर गाडी पिळली, तर पॅक आधीच गरम आहे, दोन-तीन मिनिटांत सिस्टिम पॉवर कापायला लागेल. तुमची ओढ कमी झाली तो प्रसंग फास्ट चार्जिंगनंतरचा होता का ते आठवून बघा, मला तरी दाट शंका आहे. आणि उलटही तसंच, ट्रॅकवरून तापलेली गाडी थेट चार्जरला लावली की ती आधी स्वतःला थंड करत बसते, फॅन विमानासारखे ओरडतात आणि स्क्रीनवर ५०-६० किलोवॅट. त्यासाठी ट्रॅकवरून निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवा, मग लावा.

आयोनिक ५ एनमध्ये म्हणूनच प्रीकंडिशनिंगचे दोन वेगळे प्रकार दिलेत, ड्रॅग रेससाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीसाठी, बॅटरी गरम करणारा, कारण कोमट सेलमधून थोड्या वेळासाठी जास्त पॉवर निघते, आणि ट्रॅकसाठी जमेल तेवढी थंड ठेवणारा, म्हणजे जास्त लॅप मिळतात. तुमच्या गाडीत असं काही नसेल तरी तत्त्व तेच. ट्रॅक डे असेल तर आदल्या रात्री एसीवर, म्हणजे घरच्या साध्या विजेवर, सावकाश भरून ठेवा, सकाळी बॅटरी भरलेली पण थंड मिळते. पण पूर्ण १०० नको, ९० च्या आसपास थांबा, कारण भरलेल्या बॅटरीत रीजेनला जागा नसते. या गाड्या ब्रेकिंगचा मोठा भाग मोटरनेच करतात, आयोनिक ५ एन तर ०.६ जी पर्यंत, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट जोराने. रीजेन बंद पडलं की सव्वादोन टनांची सगळी जबाबदारी डिस्क आणि पॅडवर येते, आणि ते दोन-तीन लॅपमध्ये तापतात. पेडलचा फील बदलतो तो निराळाच, पहिल्याच वळणावर कळतं.

आणि ट्रॅकवर बॅटरी संपतेही झपाट्याने, ते वेगळं सांगायला नको. सरासरी २०० किलोवॅट ओढले तर ८४ युनिट २५ मिनिटांत साफ. ४३० किलोवॅटला एक मिनिट म्हणजे सात युनिट गेले. तिथे पेट्रोलवाल्यांशी बरोबरी करू नये, दहा-बारा मिनिटांची सेशन घ्यायची, बाहेर यायचं, थंड करायचं.

हायवेचं आता. वजन २३०० किलो, ड्रॅग कोइफिशंट (गाडीचा आकार हवेला किती अडतो तो आकडा) ०.२८, समोरचं क्षेत्रफळ २.७ चौरस मीटर, असं धरून मी काढलं तर शंभर किलोमीटर जायला नुसत्या हवेला तोंड द्यायला १०० च्या वेगाला साधारण पावणेदहा युनिट, १३० ला साडेसोळा, १६० ला जवळपास २५. टायरचे साधारण सव्वासहा युनिट सगळ्या वेगांना सारखेच. वर मोटर, इन्व्हर्टर, एअर कंडिशनर यांचा खर्च. म्हणजे १०० ऐवजी १३० ने गेलात तर खर्च साधारण ४० टक्क्यांनी वाढतो. यात परफॉर्मन्स गाडीला अजून एक शिक्षा असते, २१ इंची चाकं आणि रुंद चिकट टायर. त्याच गाडीच्या साध्या व्हेरियंटपेक्षा रेंज कमी दिसते त्यात मोटरच्या ताकदीपेक्षा टायरचा वाटा मोठा असतो. रोजच्या वापराला १९-२० इंची चाकांचा दुसरा सेट बसत असेल तर, बसतोय का ते ब्रेक कॅलिपरच्या आकारावर ठरतं, मी तो नक्की घेईन. आणि हवा दर महिन्याला तपासा, एवढ्या वजनाला कमी हवेचे टायर कडेने खाऊन जातात.

लांबच्या प्रवासाचा माझा हिशोब साधा आहे, ८-१० टक्क्यांवर पोचायचं, ६०-६५ ला निघायचं, आणि पुढचा थांबा घ्यायचा. वक्राचा सगळ्यात जाडजूड भाग तोच. दोन लहान थांबे एका मोठ्या थांब्यापेक्षा कमी वेळात होतात, मात्र चार्जर हायवेला लागून असेल आणि रांग नसेल तरच. आत पाच किलोमीटर वळून जायचं असेल तर हे गणित उलटतं, मग एकदाच ८० करून निघा.

रोजच्या चार्जिंगचं थोडक्यात. एसीला वेग गाडीतलाच ऑनबोर्ड चार्जर ठरवतो, एका फेजवर ३२ अँपिअरला ७.४ किलोवॅट, तीन फेजवर १६ अँपिअरला ११. ८४ युनिटची गाडी ७.४ वर बारा-तेरा तास, रात्रीत बहुतेक होतं आणि रोज रिकामी कोण करतं. बॅटरीची केमिस्ट्री एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल, परफॉर्मन्स गाड्यांत बहुधा असतेच, तर लिमिट ८० वर ठेवा, १०० फक्त निघायच्या आधी आणि भरून उन्हात दोन दिवस उभी ठेवू नका. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) असेल तर कंपनी अधूनमधून १०० करायला सांगते, कारण तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात इतकं सपाट असतं की टक्के मोजायला वरचं टोक गाठावं लागतं. कोणती आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, अंदाज नको. डीसी फास्ट चार्जिंगने बॅटरी मरते का, तर प्रवासात वापरायला काही हरकत नाही, त्यासाठीच दिलंय. घरी एसी असताना रोज डीसीवर जाणं मात्र मी टाळेन.

मग सर्व्हिस सेंटरला जायचं कधी? एक नीट टेस्ट करा. ५०० अँपिअरचा चार्जर, जाड केबल, शेजारची गन रिकामी, गाडीच्या नेव्हिगेशनने प्रीकंडिशन करून १० टक्क्यांच्या आसपास पोचा, आणि दर १० टक्क्यांना व्होल्ट, अँपिअर, बॅटरीचं तापमान यांचा फोटो काढा. कंपनीच्या वेळेपेक्षा तीन-चार मिनिटं जास्त लागली तर सोडून द्या. सगळं जागेवर असून दुप्पट वेळ लागला आणि दुसऱ्या चांगल्या चार्जरवरही तेच झालं, तर ते फोटो घेऊन जा आणि त्यांना दोन गोष्टी विचारा: सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या सेलच्या व्होल्टेजमध्ये फरक किती आहे, लोडवर आणि उभी असताना दोन्ही, आणि मॉड्युलच्या तापमानांत फरक किती आहे. उभ्या गाडीत सेलमधला फरक काही मिलिव्होल्टचाच असायला हवा. एकच सेल बाकीच्यांच्या खाली लोंबतोय असं निघालं तर सिस्टिम त्या एका सेलसाठी पूर्ण पॅकचा करंट आवरते, आणि मग चार्जिंग हळू आणि ओढ कमी या दोन्ही तक्रारी एकत्र येतात, ती केस खरी वॉरंटीची. तापमानात फरक निघाला तर कूलंटची पातळी, पंप आणि सर्किटमध्ये हवा अडकलीये का ते आधी बघायला सांगा, पॅक उघडायची घाई त्यांना करू देऊ नका.